नऊशे रुपयांची वही आणि सव्वीस हजारांचा पगार

वाचक लिहितात (पत्रातला काही भाग):

"आम्ही जुळे सोलापुरात राहतो. यजमान अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेबनीस आहेत, त्यांच्या हातात २६,००० रुपये येतात. मी घरी शिलाईकाम करते, त्यातून किरकोळ साडेचार हजार सुटतात. मुलगी नववीत आहे, मुलगा पाचवीत. सासरे, ज्यांना आम्ही अप्पा म्हणतो, ७१ वर्षांचे आहेत आणि गिरणीत साचाखात्यात होते. '१९८६ साली मला नऊशे रुपये पगार होता, त्यात सात माणसे जगवली, बहिणीचे लग्न केले, आणि तुम्हाला सव्वीस हजार पुरत नाहीत,' असे ते रोज जेवताना म्हणतात आणि यजमान ताटावरून उठून जातात. मागच्या महिन्यात माळ्यावर अप्पांची जुनी हिशेबाची वही सापडली. तिच्यातली दोन पाने आणि माझ्या वहीतले एक पान सोबत पाठवत आहे. आम्ही खरेच उधळे आहोत का? नसलो, तर अप्पांना न दुखावता हे कसे सांगावे?"

ताई, सप्रेम नमस्कार.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकते: तुम्ही उधळे नाही. तुमचे पान मी ओळीओळीने वाचले. घराचा हप्ता ८,२००, दोन्ही मुलांची शाळा आणि शिकवणी ४,८००, किराणा, दूध आणि भाजी मिळून ९,०००, पेट्रोल २,२००, अप्पांची औषधे १,६००, वीज १,१००, फोन आणि इंटरनेट ९००, गॅस ८५० आणि पाण्याचे जार ३०० अशी बेरीज मांडली की कपडालत्ता, पै-पाहुणा आणि सणवार यांसाठी महिन्याला दीड हजाराच्या आसपास उरतात. यात चैनीची म्हणावी अशी एकही ओळ मला सापडली नाही. मात्र अप्पांचे म्हणणेही खोटे नाही, आणि तुमच्या घरातला वाद मिटायचा असेल तर त्याची सुरुवात अप्पांच्या बोलण्यात नेमके किती खरे आहे हे मान्य करण्यापासून व्हायला हवी.

सिमल्याचा केंद्रीय श्रम ब्युरो औद्योगिक कामगारांसाठी दरमहा ग्राहक किंमत निर्देशांक, म्हणजे नेहमीच्या वस्तूंच्या भावांचा एकत्रित आकडा, काढतो, आणि ज्या शहरांतून त्यासाठी भाव गोळा केले जातात त्यांत आपले सोलापूर आहे. या निर्देशांकाचे आधारवर्ष, म्हणजे ज्या वर्षीचे भाव शंभर धरतात ते वर्ष, १९६० होते, पुढे ते १९८२, २००१ आणि आता २०१६ असे बदलत गेले, आणि जुनी मालिका नवीला जोडण्यासाठी ब्युरोने ४.९३, ४.६३ आणि २.८८ हे गुणक दिलेले आहेत. डिसेंबर २०२४ चा देशपातळीवरचा आकडा १४३.७ आहे. तो या तिन्ही गुणकांनी गुणत मागे नेला तर १९६० साली शंभर रुपयांत येणाऱ्या वस्तूंना आज साधारण साडेनऊ हजार रुपये लागतात असे दिसते. याच हिशेबाने १९८६ पासून आजपर्यंत भाव ढोबळमानाने पंधरा पट झाले. म्हणजे अप्पांचे नऊशे रुपये आजच्या १३,५०० रुपयांच्या बरोबरीचे होते, आणि यजमानांचा पगार त्याच्या जवळपास दुप्पट आहे. हा आकडा अप्पांपासून लपवू नका. "अप्पा, तुमच्यापेक्षा आमच्या हातात जास्त पैसा येतो, हे खरे आहे," असे तुम्ही स्वतःहून म्हटलेत, तर पुढचे ऐकून घ्यायला ते राजी होतील.

पुढचे म्हणजे त्यांच्याच वहीतले. ते पान नीट पाहा. डावीकडे जमेच्या बाजूला पगाराखाली बारीक अक्षरात "विड्यांचे १४०" अशी नोंद आहे. ती तुमच्या सासूबाईंची कमाई. उजवीकडे खर्चात ज्वारी लिहिली आहे, पुढे "गावाकडून" असा शब्द आहे आणि रकमेचा रकाना कोरा आहे. खोलीभाडे १८ रुपये. दवाखान्याची नोंद दोन्ही पानांवर कुठेही नाही, कारण विम्याची वर्गणी पगारातून कापली जात असे आणि घरात कोणी आजारी पडले की कामगार विमा दवाखाना होता. शाळेपुढे ११ रुपये आहेत आणि ते वह्या-पेन्सिलींचे आहेत, कारण मुले महानगरपालिकेच्या शाळेत होती.

तेव्हा अप्पा कितीही खात्रीने सांगत असले, तरी त्यांचे घर नऊशे रुपयांत चालत नव्हते. विड्यांचे १४० मिळवा, गावाहून येणाऱ्या धान्याला त्या काळच्या भावाने शंभरेक रुपये धरा, तर आकडा साडेअकराशेच्या घरात जातो आणि आजच्या भावाने तो सतरा हजारांच्या पुढे निघतो. शिवाय जी खोली बाजारभावाने घ्यावी लागली असती तर कितीतरी महाग पडली असती ती अठरा रुपयांत मिळत होती, औषधपाणी विम्यातून होत होते, आणि नोकरी कायम असल्यामुळे पुढच्या महिन्याचा घोर नव्हता. यांतले काहीही पगाराच्या पाकिटात दिसत नसे, म्हणून अप्पांच्या आठवणीतही ते राहिलेले नाही.

सासूबाईंच्या त्या नोंदीपाशी थोडे थांबते, कारण सोलापुरात या विषयावर बोलताना ही बाजू नेहमी मागे पडते. ज्या शहरात हजारो बायकांनी पहाटे उठून पाने कातरली, मांडीवर सूप घेऊन हजार-हजार विड्या वळल्या आणि त्या कारखान्यात मोजून देऊन आल्यावर चूल पेटवली, त्या शहरातला कुठलाही संसार एका माणसाच्या पगारावर चालला असे म्हणणे त्या बायकांवर अन्याय करणारे आहे. अप्पांनी तो १४० चा आकडा लिहून ठेवला, ही त्यांच्या प्रामाणिकपणाची खूण आहे. फक्त बोलताना तो गळतो. तुम्हीही पत्रात स्वतःच्या साडेचार हजारांना "किरकोळ" म्हटले आहे. ती रक्कम घराच्या उत्पन्नाचा सातवा हिस्सा आहे. ती नसती तर तुमच्या पानाच्या तळाशी दरमहा तीन हजारांची तूट दिसली असती.

आता खर्चाकडे येऊ. अप्पांच्या पानावर किराणा, तेल, दूध, भाजी यांचे मिळून ५६० रुपये आहेत. गावाकडचे धान्य धरले तर घराच्या एकूण मिळकतीतला निम्म्याहून अधिक वाटा पोटासाठी जात होता. तुमच्या घरात तोच वाटा तीस टक्क्यांच्या आत आहे. हा केवळ तुमच्या घरातला फरक नाही. १९८२ च्या निर्देशांकात कामगार कुटुंबाच्या खर्चात अन्नाचा भार ५७ टक्के धरलेला होता, २००१ च्या मालिकेत तो ४६.२ झाला आणि २०१६ च्या मालिकेत ३९.१७. उलट घराचा भार ८.६७ वरून १६.८७ वर गेला, आणि शिक्षण, औषधपाणी, प्रवास, फोन असे सगळे ज्यात येते त्या संकीर्ण गटाचा भार १६.३६ वरून ३०.३१ वर. चाळीस वर्षांत काय झाले याचे उत्तर या चार-सहा आकड्यांत आहे: कमाईच्या मानाने पोट भरणे स्वस्त झाले, डोक्यावर छप्पर, मुलांचे शिक्षण आणि दुखण्याखुपण्याचा खर्च यांनी मात्र ती जागा व्यापली. अप्पांनी ज्यांसाठी पैसे मोजलेच नाहीत, नेमक्या त्याच गोष्टींसाठी तुम्हाला रोख पैसे मोजावे लागतात. त्यांचे भाडे पगाराच्या दोन टक्के होते. तुमचा हप्ता यजमानांच्या पगाराच्या एकतीस टक्क्यांवर आहे.

स्वस्त झालेल्या अन्नालाही अपवाद आहे आणि सोलापूरकराला तो चांगलाच कळेल. अप्पांच्या काळी ज्वारी गरिबाची आणि गहू सणाचा होता. आज मंगळवेढ्याची मालदांडी गव्हाहून महाग आहे, आणि ज्यांना रेशनवर गहू-तांदूळ मिळतो त्यांच्या घरात भाकरीच कमी होत चालली आहे. तेव्हा "पूर्वी आम्ही साधी भाकरी खाऊन राहिलो" हे वाक्य अप्पांच्या तोंडून आले, तर आज ती भाकरी पोळीपेक्षा महाग पडते एवढे त्यांना आठवण करून द्यायला हरकत नाही. पाण्याचेही तसेच. सार्वजनिक नळावर रांग लावणे कष्टाचे होते, पण त्याला पैसे पडत नव्हते. आता दिवसांआड येणाऱ्या पाण्यासाठी टाकी, मोटर आणि जार हे तिन्ही खर्च घरावर आले.

मजुरी ठरवणाऱ्यांनीही शिक्षण आणि औषधपाणी बराच काळ मोजलेले नव्हते. १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारलेल्या किमान वेतनाचा जो हिशेब घातला, त्यात कमावत्या माणसाच्या कुटुंबासाठी अन्न, वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे आणि सरपण, दिवाबत्ती व इतर गोष्टींसाठी वीस टक्के एवढेच होते. मुलांचे शिक्षण, औषधोपचार, लग्नकार्य आणि म्हातारपणाची तरतूद यांसाठी आणखी पंचवीस टक्के धरले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते १९९१ साली. अप्पांच्या उमेदीच्या काळात शाळा आणि दवाखाना सरकारने किंवा मालकाने पुरवायचा, असे सगळेच गृहीत धरत होते. ती व्यवस्था विरली, पण तिच्या जागी आलेला खर्च खासगी नोकरीतल्या पगारात क्वचितच मिळवला गेला.

बहिणीच्या लग्नाचा उल्लेख अप्पा मुद्दाम करतात, म्हणून सोन्याचेही सांगते. १९८६ साली दहा ग्रॅम सोने २,१०० रुपयांच्या थोडे वर होते, म्हणजे अप्पांच्या महिन्याच्या पगारात चार ग्रॅमहून थोडे अधिक येई. डिसेंबर २०२४ मध्ये तोच भाव ७६,००० रुपयांच्या आसपास होता आणि यजमानांच्या पगारात साडेतीन ग्रॅमही येत नव्हते. अप्पांनी तीन तोळे घातले असतील तर त्यांची सात महिन्यांची कमाई गेली. त्या भावाने तुम्हाला तेवढ्याच सोन्यासाठी जवळपास नऊ महिन्यांची लागली असती. धान्याच्या मापाने तुम्ही अप्पांपेक्षा सुखवस्तू ठरता आणि सोन्याच्या मापाने गरीब. दोन्ही मापे खरी आहेत. घरातले मोठे माणूस ज्या वस्तूंनी आयुष्य मोजत आले, त्यांत सोने आणि जागा या दोनच वस्तू पगाराच्या पुढे पळाल्या, आणि म्हणूनच "तुमच्याने काही उभे राहत नाही" असे त्यांना मनापासून वाटते.

आता यजमानांविषयी. १९८६ साली केंद्र सरकारच्या चौथ्या वेतन आयोगाने सर्वांत खालच्या कर्मचाऱ्याला दिलेले किमान मूळ वेतन ७५० रुपये होते. म्हणजे रेल्वेत नुकत्याच लागलेल्या खलाशापेक्षा गिरणीतले अप्पा बरे कमावत होते, आणि त्या काळी सोलापुरात गिरणीतल्या कायम कामगाराला मुलगी द्यायला लोक का तयार असत, हे यावरून कळावे. हेच किमान वेतन १९९६ ला २,५५०, २००६ ला ७,००० आणि २०१६ ला १८,००० झाले. तीस वर्षांत भाव दहा पटींच्या आत राहिले आणि हे वेतन चोवीस पट झाले. त्या १८,००० वर जुलै २०२४ मध्ये ५३ टक्के महागाई भत्ता होता, म्हणजे घरभाडे भत्ता न धरताही २७,५४० रुपये. बारावी न झालेला मुलगाही आज रेल्वेत पहिल्या महिन्याला जेवढे मिळवतो, तेवढे इतकी वर्षे हिशेब सांभाळणाऱ्या तुमच्या यजमानांना मिळत नाही. यात त्या मुलाचे काही चुकले असे मला म्हणायचे नाही. त्याला मिळते ते योग्यच आहे. एकेकाळी गिरणीच्या पगाराला महागाई भत्त्याची जोड होती, भाव चढले की तो आपोआप चढे. गिरण्या बंद पडल्या, कामगार यंत्रमागांवर आणि छोट्या कारखान्यांत पांगले, आणि ती जोडच तुटली. आता पगार वाढतो तो मालकाच्या मर्जीने, आणि मालकाची मर्जी सुताच्या भावावर अवलंबून असते.

तुम्ही लिहिले आहे की २०१६ साली यजमानांना १९,००० मिळत होते. २०१६ हे आधारवर्ष असल्याने हिशेब सोपा आहे. डिसेंबर २०२४ पर्यंत भाव शंभरावरून १४३.७ झाले, म्हणजे १९,००० ची किंमत टिकवायला तेव्हाच २७,३०० रुपये हवे होते. त्यांना मिळतात २६,०००. आठ वर्षांत सात हजारांची वाढ झाली असे ते समजतात, आणि प्रत्यक्षात त्यांचा पगार थोडा घटला आहे. याच काळात आणखी एक गोष्ट घडली असणार, जिची तुमच्या पत्रात नोंद नाही. कर्मचारी राज्य विम्यासाठी, म्हणजे अप्पांच्या वेळच्या त्याच कामगार विम्यासाठी, पगाराची मर्यादा जानेवारी २०१७ पासून २१,००० रुपये आहे. पगार त्यापुढे गेला की कामगार विम्याबाहेर पडतो. ज्या वाढीचे तुम्ही पेढे वाटले असतील, तिनेच तुमच्या घरावरचे औषधपाण्याचे छत्र काढून घेतले. मर्यादा इतकी वर्षे जागच्या जागी ठेवून भाव मात्र चढू द्यायचे, यात सरकारचा पैसाही न खर्चता लाखो कुटुंबे विम्याबाहेर जातात, आणि याविषयी आपल्याकडे पुरेसे बोलले जात नाही याचा मला राग येतो.

हे सगळे अप्पांना कसे सांगायचे? जेवताना सांगू नका, आणि यजमानांना सांगायला लावू नका. बाप-लेकांच्या बोलण्यात आकडे आले की ते आकडे राहत नाहीत, उणीदुणी होतात. दुपारी वही घेऊन तुम्ही त्यांच्यापाशी बसा आणि प्रथम वहीबद्दल विचारा: भाडे कोणाला द्यायचे, धान्य गावाहून कोण आणायचे, सासूबाई विड्या कोणत्या कारखान्यात देत. उत्तरे देताना त्यांची नोंद त्यांनाच दिसेल. आणि मग त्यांच्या निवृत्तिवेतनाचा विषय काढा. अप्पांना कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचे महिन्याला हजार रुपये मिळतात असे तुम्ही लिहिले आहे. ही किमान रक्कम सप्टेंबर २०१४ पासून तशीच आहे. निर्देशांकाने पाहिले तर त्या हजाराची खरेदीची ताकद आज जेमतेम सहाशे रुपयांची उरली आहे. "पहिल्यांदा हे हजार मिळाले तेव्हा त्यात काय यायचे आणि आता काय येते?" एवढेच त्यांना विचारा. रक्कम तीच राहून संसार आक्रसतो म्हणजे काय, हे तुमच्या घरात सर्वांत जास्त अप्पांनाच कळते. मुलाचेही तेच झाले आहे, फक्त जरा हळू, हे त्यांच्या लक्षात आणून द्यायला मग फार शब्द लागणार नाहीत.

एका बाबतीत मात्र मी अप्पांच्या बाजूची आहे, आणि ते तुम्ही यजमानांना सांगा. त्यांच्या पानावर गिरणीतल्या पतपेढीचा एक हप्ता सोडला तर कोणाचे देणे नाही. तुमच्या घराचा हप्ता समजण्यासारखा आहे, तो चालू द्या. पण दिवाळीत नवा फोन हप्त्याने घेण्याचा जो विचार तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिला आहे, तो सोडून द्या. "बिनव्याजी" म्हणून सांगितलेल्या हप्त्यातही प्रक्रिया शुल्क असते आणि रोखीवर मिळणारी सूट बुडते. आणि दीड हजारांच्या शिलकीत आणखी एक हप्ता बसला की घरात एखादे आजारपण येताच उसनवारीची पाळी येईल. इंटरनेट बंद करून मात्र काही साधणार नाही. अप्पांच्या डोळ्यांसमोर फोन असतो म्हणून तो खुपतो. तुमचा पैसा घर, शाळा आणि औषधे यांत जातो.

बचतीविषयीही त्यांच्या आणि तुमच्या अनुभवात फरक आहे. त्यांच्या भविष्यनिर्वाह निधीला नव्वदच्या दशकात बारा टक्के व्याज होते, पैसे सहा वर्षांत दुप्पट होत. सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीलाही जानेवारी २००० पर्यंत बारा टक्के मिळत. एप्रिल २०२० पासून तो दर ७.१ आहे आणि दुप्पट व्हायला दहा वर्षे लागतात. "थोडे थोडे टाकत गेलो तरी साठते" हा त्यांचा सल्ला चुकीचा नाही, पण त्याला आता जास्त काळ लागतो. तुमच्या स्थितीत आधी तीन महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम बँकेत किंवा पोस्टात बाजूला पडेपर्यंत दुसरी कुठलीही गुंतवणूक करू नये असे मला वाटते, आणि पाच-सातशे रुपयांच्या आवर्ती ठेवीने सुरुवात केली तरी चालेल.

दवाखान्याचा घोर मात्र लगेच कमी करता येईल. महात्मा फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी खुली आहे आणि कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार तिच्यात बसतात. ही योजना २०१२ साली वेगळ्या नावाने पहिल्यांदा सुरू झाली तेव्हाच्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होते, त्यामुळे इथल्या बऱ्याच रुग्णालयांना तिची सवय आहे. पांढरे रेशनकार्ड आहे म्हणून आपल्याला मिळणार नाही, असे समजून अनेक घरे अजून कार्ड काढत नाहीत. तुम्ही काढून घ्या. अप्पांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर किंवा त्याहून अधिक वयाच्या प्रत्येकाला उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मानचे स्वतंत्र पाच लाखांचे कार्ड मिळते, तेही काढा. दोन्हींतून रुग्णालयात दाखल होऊन घ्यायचे उपचार मिळतात, रोजच्या गोळ्या मिळत नाहीत. गोळ्यांसाठी जेनेरिक औषधांची जनऔषधी दुकाने आहेत. डॉक्टरांना दाखवून तिथली औषधे घेतली तर तुमच्या १,६०० रुपयांत चांगला फरक पडेल.

मुलीला पुढे काय शिकवणार ही तुमची चिंता मला पत्रात सर्वांत जास्त जाणवली. २०२४-२५ पासून महाराष्ट्र सरकारने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्यास, व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रक्रियेतून व्हायला हवा; व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर ही माफी मिळत नाही. तुमची मुलगी नववीत आहे. जातीचा दाखला, लागत असेल तिथे नॉन-क्रिमिलेयर आणि उत्पन्नाचा दाखला ही कागदपत्रे काय लागतात हे आत्ताच सेतू केंद्रात विचारून ठेवा, कारण बारावीनंतरच्या घाईत दाखल्यापायी वर्ष वाया गेलेल्या मुलींची पत्रे मला दर पावसाळ्यात येतात. अप्पांच्या वहीत त्यांच्या मोठ्या मुलीच्या नावापुढे सातवीनंतर वह्यांचा खर्च दिसत नाही, हे तुम्हीच लिहिले आहे. ते त्यांच्यापाशी बोलून दाखवू नका. पण सात माणसे नऊशेत जगली, त्या जगण्याची किंमत त्या मुलीनेही मोजली होती हे लक्षात ठेवा, आणि नातीच्या शिक्षणावरचा खर्च कमी करण्याचा विषय घरात निघाला तर त्या वेळी ठाम राहा.

तुमच्या शिलाईचे दर तुम्ही २०१९ पासून वाढवलेले नाहीत असे दिसते. धागा, अस्तर, वीज सगळे महागले. म्हणजे तुम्ही दरवर्षी थोड्या कमी मजुरीवर काम करत आहात. फॉल-पिकोचे आणि ब्लाऊजचे दर शेजारच्या दोन-तीन जणींना विचारून एकदमच वाढवा. चार गिऱ्हाइके जातील, पण राहतील त्यांच्यात ती कसर भरून निघेल.

यजमानांनी मालकांकडे पगारवाढ मागताना घरातली अडचण सांगू नये. अडचण ऐकून मालक उचल देतात, वाढ देत नाहीत. २०१६ चा पगार, आजचा पगार आणि दोन्ही वेळचा निर्देशांक असे तीन आकडे एका कागदावर मांडून "किमान एवढे तरी भरून द्या, आणि पुढे दरवर्षी या आकड्याप्रमाणे वाढ ठरवू" असे म्हणावे. किमान वेतनाच्या जोडीचा विशेष भत्तासुद्धा वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, निर्देशांकाप्रमाणे बदलतो, त्यामुळे ही मागणी मालकांना नवी वाटायला नको. टॉवेलच्या धंद्यात सध्या ओढाताण आहे आणि सगळी रक्कम एकदम मिळेल असे मी म्हणणार नाही. नाही मिळाली तर वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे भरून देणारा भरवशाचा माणूस कितीतरी छोट्या यंत्रमागधारकांना हवा असतो, आणि संध्याकाळचे दोन तास त्या कामाला दिले तर दोन-तीन मागवाल्यांच्या हिशेबातूनही तुटलेली रक्कम निघू शकेल. बहुतेक कारखान्यांत वाढीची बोलणी मार्चमध्ये, वर्षाचा हिशेब मिटताना होतात. तेव्हा यजमानांनी तो कागद फेब्रुवारीअखेर मालकांच्या हाती द्यावा.